अर्धा इंच

जानेवारीत तीन माणसं येऊन गेली.
पहिला दारातच उभा राहिला,
या भिंतीवरून त्या भिंतीवर लाल ठिपका नाचवला
आणि आकडा सांगितला.
गालिच्याचा कोपराही उचलून पाहिला नाही.
मी म्हटलं, डॉक्टर, नाडी तरी बघा.
त्याला काही ते लागलं नाही.

दुसऱ्याचं बोलणंच पॉलिश केलेलं.
छापील ओक, म्हणाला, पाण्याला दाद देत नाही,
कुत्र्याच्या नखांना देत नाही,
पंचवीस वर्षं वळून बघायला नको.
मी एकसष्टची. मनातल्या मनात बेरीज केली.
त्याच्या नमुन्याच्या फळीवर एक सुंदर गाठ होती.
शेजारच्या फळीवरही तीच, तिथेच,
एकाच माणसाचे दोन पासपोर्ट असावेत तशी.
पैसे मात्र सगळे आधी हवे होते.

लिऑन आरकँड उशिरा आला.
नदीपलीकडे दिवस मावळत होता.
बूट दाराशी काढले. एका मोज्याला भोक.
काही न विचारता गुडघ्यांवर बसला.
या खोलीत कुणी गुडघे टेकल्याला
अकरा महिने झाले होते.
शेवटचे ते अ‍ॅम्ब्युलन्सवाले.

पलंगापासून खिडकीपर्यंत गालिच्यात दोन चाकोऱ्या,
ऑरेस्टच्या ऑक्सिजनच्या गाडीच्या.
लिऑनने बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि पकडीने कोपरा उचलला.
फोमचा चुरा. चुऱ्याखाली हिरवे चौकोन, नऊ इंची.
याला हात लावायचा नाही, तो म्हणाला,
आधी तुकडा तपासायला पाठवू.
असलं जुनं काही छातीत गेलं की निघत नाही.

अहवाल आला. काही नव्हतं.
गालिचा गुंडाळून पिकअपमध्ये टाकला,
चाकोऱ्या आतल्या बाजूला.

लाकूड फेब्रुवारीत आलं. बर्च.
मला वाटलं, आता ठोकाठोक.
तर त्याने खोकी फोडली, फळ्या आडव्या रचल्या,
दोन थरांमध्ये काड्या घातल्या
आणि बारा दिवसांसाठी निघून गेला.
त्यांना घराची हवा कळू दे, म्हणाला.
बाहेर उणे एकतीस,
आत भट्टीची कोरडी ऊब.
मी स्वयंपाकघरात खाटेवर झोपायचे.
रात्री पलीकडून बारीक कड्‌ आवाज यायचा,
परक्या घरी झोप न लागलेल्या माणसाने
हळूच कूस बदलावी तसा.
सातव्या रात्री मी त्यांना विचारलं,
पाणी हवंय का कुणाला?

मग तीन दिवस हातोडा.
गुडघ्यांना पॅड, कानावर पेन्सिल,
प्रत्येक फळी उजेडात धरून पाहायचा,
दोन सारख्या शेजारी येऊ द्यायचा नाही.
भिंतीपाशी पोचला आणि थांबला.
मी म्हटलं, लिऑन, इथे कमी पडलंय. अर्धा इंच.
हातोडा न ठेवताच तो हसला.
कमी नाही, सोडलंय.
जुलैत लाकूड फुगतं.
जागा मिळाली नाही तर मधोमध उठतं,
तंबूसारखं. मग मला फोन येतात.

एप्रिलमध्ये हलीना येतेय,
दोन पोरं घेऊन, नवऱ्याचं घर सोडून.
तिच्यासाठीच हा सगळा खर्च.
फ्रिजवर मी यादी लावली होती:
तिचा पलंग कुठे, कपाट कोणतं,
पोरांनी किती वाजता झोपायचं,
त्याच्याबद्दल काय बोलायचं नाही.
त्या संध्याकाळी तीन ओळी खोडल्या.
चौथीवर पेन्सिल ठेवून बराच वेळ उभी राहिले.
ती तशीच ठेवली.

शेवटी त्याने भिंतीलगत पट्टी मारली.
आता अंतर दिसत नाही.
उरलेले दोन हिस्से पैसे मोजून घेतले,
एक न फोडलेलं खोकं जिन्याखाली सरकवलं.
हे परत करू नका, म्हणाला.
पोरं येणार म्हणालात ना?
काहीतरी पडेलच.